तरंगतं काय, बुडतं काय
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

रोहिणी सुरू झाल्यात, राब भाजून झालेत, आता सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे आहे. अशा वेळी गटाच्या बैठकीत हप्त्याच्या जोडीला तीन गोष्टी हमखास निघतात. घरचं भाताचं बी चांगलं आहे का? डेअरीवर दुधाची डिग्री कमी का लागली? आणि बी-खतासाठी पैसे उभे करायला डाग काढावा, तर तो खरा किती भरेल?

आम्ही गटागटांत फिरतो तेव्हा या तिन्ही प्रश्नांवर वेगवेगळी माणसं वेगवेगळी उत्तरं देतात. बियाण्याचं कृषी सहायक सांगतात, दुधाचं डेअरीवाला आणि डागाचं सोनार. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. शाळेच्या पुस्तकात तिला घनता म्हणतात. सातवी-आठवीत ती बहुतेकींनी पाठ केली आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिली. आज ती परत हातात घेऊ, कारण तिच्यावर आपले पैसे अडकलेले आहेत.

आधी साधा प्रश्न. किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड? आता तुम्ही हसाल. दोन्ही किलोच, वजन सारखंच. मग आपण लोखंडाला जड आणि कापसाला हलकं का म्हणतो? कारण किलोभर कापसाला अख्खी पिशवी लागते आणि किलोभर लोखंड मुठीत मावतं. म्हणजे आपण नुसतं वजन बघत नाही. त्या वजनानं किती जागा व्यापली तेही मनातल्या मनात बघतो. घनता म्हणजे तेवढंच. वजनाला जागेनं भागायचं.

मापाला पाणी घ्यायचं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, एक मिलिलिटरचं एक ग्रॅम. म्हणून पाण्याची घनता एक. जी वस्तू आपल्या जागेच्या मानानं पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगते. जी भारी, ती बुडते. लाकूड तरंगतं, दगड बुडतो. तेल पाण्यावर येतं. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, तरी पितळेचा रिकामा हंडा विहिरीत तरंगतो. कारण हंडा म्हणजे नुसतं पितळ नाही, त्याच्या पोटात हवा आहे. पितळ आणि हवा मिळून जी जागा होते, तिच्या मानानं तो हलका पडतो. तोच हंडा पाण्यानं भरला की तळाला जातो. हा हंडा लक्षात ठेवा, आज तो पुन्हा तीनदा कामाला येणार आहे.

वजन काट्यावर मिळतं. पण वेड्यावाकड्या वस्तूची जागा कशी मोजायची? विटेची लांबी-रुंदी मोजता येते, भाताच्या दाण्याची किंवा जोडव्याची कशी मोजणार? इथे पाणीच मदतीला येतं. वस्तू पाण्यात पूर्ण बुडवली की ती आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते. काठोकाठ भरलेल्या बादलीत तांब्या सोडला की पाणी सांडतं, ते हेच. ग्रीक विद्वान आर्किमिडीजची गोष्ट सांगतात ती अशी, की राजाच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली का, हे त्यानं मुकुट न मोडता पाण्याच्या आधारानं शोधलं. बावीसशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आपल्या ओट्यावरही चालते.

आता भाताकडे येऊ.

आपल्या भागात बऱ्याच घरांत बी घरचंच ठेवतात. शेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही पिढ्यान् पिढ्या घराघरांत जपलेल्या बियाण्यामुळेच. पण घरच्या बियाण्यात सगळे दाणे सारखे नसतात. ओंबीत काही दाणे पूर्ण भरतात, काही अर्धे राहतात, काही पोचट. आपण सुपानं पाखडतो, वारवतो, तेव्हा अगदी पोचट ते उडून जातं. अर्धं भरलेलं मात्र सुपातच राहतं, कारण वरून तूस सारखंच दिसतं. डोळ्याला फरक कळत नाही आणि वाऱ्यालाही पुरता कळत नाही.

पाण्याला तो कळतो. अर्ध्या भरलेल्या दाण्याच्या तुसात आत हवा असते, आपल्या रिकाम्या हंड्यासारखी. भरलेल्या दाण्यात हवा कमी, तांदूळ जास्त. म्हणून मिठाच्या पाण्याची प्रक्रिया सांगतात. तिचं माप असं आहे: दहा लिटर पाणी, त्यात तीनशे ग्रॅम मीठ. यालाच तीन टक्के द्रावण म्हणतात. मीठ पूर्ण विरघळलं की त्यात थोडं थोडं बी सोडायचं आणि हातानं किंवा काठीनं ढवळायचं. ढवळणं महत्त्वाचं. कोरड्या दाण्याला बाहेरून हवेचे बुडबुडे चिकटतात, मग चांगला दाणाही उगाच वर राहतो. ढवळून पाणी थोडं स्थिर होऊ द्यायचं. जे वर तरंगलं ते चाळणीनं काढून टाकायचं. तळाचं बी काढून स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. न धुता ठेवलं तर अंगावरचं मीठ उगवणीला बाधतं, म्हणून इथे आळस नको. बुरशीनाशक किंवा जिवाणू खत लावायचं असेल तर ते यानंतर, कृषी सहायकांना प्रमाण विचारून आणि हातात मोजे घालून.

आता मीठ कशाला, हा प्रश्न गटात नेहमी येतो. साध्या पाण्याची घनता एक. तीनशे ग्रॅम मीठ घातल्यावर पाण्याचं वजन वाढलं, जागा मात्र जेमतेम वाढली. घनता झाली सुमारे १.०२. म्हणजे आपण उंबरठा थोडा उंच केला. साध्या पाण्यात जो दाणा कसाबसा बुडून गेला असता, तो इथे अडतो आणि वर राहतो.

हीच पद्धत जपानमध्ये योकोई तोकियोशी या शेतीतज्ज्ञानं १८८२ मध्ये पुढे आणली. तिथे तर उंबरठा १.१३ पर्यंत उंच करतात. त्याला दहा लिटरला सुमारे दोन किलो मीठ लागतं. काही ठिकाणी ताजं अंडं तरंगेपर्यंत मीठ घाला असंही सांगतात. तेही खरं आहे, पण ती वेगळी पद्धत आहे. तीन टक्क्यांच्या पाण्यात ताजं अंडं तरंगत नाही, ते तळालाच राहतं. म्हणून अंडं तरंगलं नाही म्हणून घाबरून मिठाच्या पुड्या ओतू नका. आपल्याला शिफारस तीनशे ग्रॅमची आहे, तेवढीच पाळा. आणि एक लक्षात असू द्या. दुकानातून आणलेलं रंगीत, औषध लावलेलं बी या पाण्यात घालायचं नाही. ते आधीच निवडून, औषध लावून आलेलं असतं. आपण ते धुऊन टाकू.

आपल्या बियाण्याची घनता नेमकी किती, हेही काढता येतं. मापाच्या खुणा असलेला जग घ्या. त्यात पाचशे मिलिलिटर पाणी भरा. दोनशे ग्रॅम बी मोजून आत सोडा, ढवळा, बुडबुडे जाऊ द्या. तरंगणारे दाणे सळईनं हलकेच खाली दाबा. समजा पाणी सहाशे सत्तरवर चढलं. म्हणजे बियाण्यानं एकशे सत्तर मिलिलिटर जागा घेतली. दोनशे भागिले एकशे सत्तर, उत्तर १.१८. आता निवडलेलं बी आणि न निवडलेलं बी, दोन्हींचं असं काढा. निवडलेल्याचा आकडा जास्त यायला हवा. काम पटकन उरका, कारण दाणा पाणी प्यायला लागला की आकडा बदलतो.

इथे कुणी म्हणेल, एक लिटरच्या मापात भात भरलं तर वजन साडेपाचशे-सहाशे ग्रॅमच येतं, मग घनता एकापेक्षा कमीच झाली की! नाही. मापात दाणे आणि दाण्यांमधली मोकळी जागा, असं दोन्ही मोजलं जातं. म्हणून तर माप हलवून, ठोकून भरलं की जास्त मावतं आणि सैल भरलं की कमी. पायलीनं देणं-घेणं करताना घासाघीस होते ती या मोकळ्या जागेची. जिथे जमेल तिथे काट्यावरच व्यवहार करा.

बी निवडण्याचा हा खटाटोप कशासाठी, ते वेगळं सांगायला नको. राबात रोप विरळ उगवलं तर आवणीच्या वेळी मूठ कमी पडते. मग रोपासाठी दारोदार फिरायला कोण जातं? आपणच. चिखलात दिवसभर वाकायचं तर हातातलं रोप तरी जोमदार असावं.

आता दूध.

डेअरीवर काचेची एक नळी दुधात सोडतात. तिच्या तळाला वजन असतं आणि वर आकडे. ती लॅक्टोमीटर. ती दुधात किती बुडते त्यावरून दुधाची घनता कळते. दूध पाण्यापेक्षा किंचित भारी असतं, कारण त्यात साखर, प्रथिनं, क्षार विरघळलेले असतात. चांगल्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२. एवढा लांब आकडा कोण बोलणार, म्हणून नुसतं अठ्ठावीस, तीस, बत्तीस म्हणतात. हीच डिग्री. निव्वळ पाण्यात हा आकडा शून्य येतो. तीस डिग्रीच्या नऊ लिटर दुधात एक लिटर पाणी घातलं की आकडा सत्तावीसवर येतो.

या डिग्रीचा आणि फॅटचा आकडा मिळून एसएनएफ काढतात, म्हणजे दुधातला साय सोडून उरलेला घट्ट भाग. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा दराचा पाया धरतात. डिग्री घसरली की एसएनएफ घसरतं आणि दर पडतो. म्हणून डिग्री का घसरते ते आपल्याला ठाऊक हवं. त्यात पाणी हे एकच कारण नाही.

पहिलं दुसरं कारण उष्णता. वस्तू तापली की पसरते. वजन तेवढंच राहतं, जागा वाढते, म्हणून घनता उतरते. आपल्याकडे डेअरीत वापरतात त्यातले बरेच लॅक्टोमीटर सत्तावीस अंश तापमानासाठी बनवलेले असतात. त्याहून दूध गरम असेल तर दर अंशाला ०.२ मिळवायचे असतात. गाईच्या सडातून निघालेलं दूध सदतीस-अडतीस अंशाचं. ते तसंच धावत नेऊन मोजलं तर तीस डिग्रीचं दूध अठ्ठावीस दाखवतं. बघणाऱ्याला वाटतं बाईनं पाणी घातलं. तिनं थेंबही घातलेला नसतो.

दुसरं कारण फेस. नुकत्याच काढलेल्या दुधात हवेचे बारीक बुडबुडे असतात. पुन्हा तोच हंडा, पोटात हवा. म्हणून दूध काढल्यावर थोडं निवू द्यावं, फेस बसू द्यावा, मापाआधी हलक्या हातानं वरखाली करून साय सारखी मिसळावी. आणि तापमान बघितलंत का, एवढं डेअरीवर शांतपणे विचारावं. हा प्रश्न भांडणाचा नाही, हिशेबाचा आहे. एकटीला विचारायला संकोच वाटला तर गटानं मिळून विचारावं. आमच्या एका गटातल्या बायांनी चारशे रुपयांच्या आत थर्मामीटर घेतला आणि आता त्याच कॅनमध्ये घालून बघतात.

एक बाजू आणखी. लॅक्टोमीटर फसवताही येतो. साय पाण्यापेक्षा हलकी असते. ती काढून घेतली की उरलेल्या दुधाची डिग्री वाढते. मग पाणी घालून ती परत जागेवर आणता येते. नळी म्हणेल दूध छान आहे. म्हणून नुसत्या डिग्रीवर कधी विश्वास ठेवू नये, सोबत फॅटचा आकडा हवाच. घरी लेकरांसाठी दूध विकत घेणाऱ्या बायांनीही हे ध्यानात ठेवावं.

शेवटी दागिना.

बाईच्या नावावर जमीन बहुतेक ठिकाणी नसते, घर नसतं. असतो तो अंगावरचा डाग. आजारपणात, फीच्या वेळी, बी-बियाण्याच्या वेळी तोच मोडायचा किंवा गहाण ठेवायचा. म्हणून तो खरा किती, हे सगळ्यांत आधी तिला माहीत असायला हवं. एका पाड्यावरच्या ताईनं नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी बिलाशिवाय घेतलेला गोफ काढला, आणि तो वरून सोन्याचा, आतून तांब्याचा निघाला. दवाखान्याच्या दारात हे कळण्यापेक्षा शांत दिवशी घरी कळलेलं बरं.

सोन्याची घनता १९.३. बावीस कॅरेटमध्ये तांबं-चांदी मिसळलेली असते, म्हणून ती साधारण १७.७ च्या आसपास. चांदी १०.५. तांबं ८.९. पितळ साडेआठ. बघा किती अंतर आहे! रंग सारखा करता येतो, घनता सारखी करणं फार अवघड.

मोजायची रीत अशी. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा लागतो. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, तो एवढं बारीक दाखवत नाही. गटात मिळून एक घेतला तरी पुरतो. आधी डाग स्वच्छ धुऊन, पुसून कोरडा मोजा. समजा पाटली वीस ग्रॅम भरली. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. पाटलीला बारीक दोरा बांधा आणि हातात धरून ती पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू द्यायची नाही, कडेला लागू द्यायची नाही. काटा जो आकडा दाखवेल, तेवढे ग्रॅम पाणी तिनं बाजूला सारलं. तीच तिची जागा. बावीस कॅरेटची पाटली असेल तर आकडा सुमारे १.१३ येईल, कारण वीस भागिले १.१३ म्हणजे १७.७. तीच पाटली तांब्यावर मुलामा दिलेली असेल तर आकडा २.२५ च्या आसपास येईल. दुप्पट! एवढा फरक लपत नाही. तीनदा मोजा आणि बुडबुडे चिकटलेले नाहीत ना ते बघा.

पण या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर घरात उगाच वादळ होईल. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. तो आपला हंडा पुन्हा आला. खरी बोरमाळही या मापात हलकीच दिसेल. खडे, मोती, काळे मणी असलेलं मंगळसूत्रही या रीतीनं मोजता येत नाही. वाटी सुटी काढून मोजली तर गोष्ट वेगळी, पण वाटीत लाख नाही ना ते बघायचं. म्हणून आकडा कमी आला की लगेच सासूवर किंवा माहेरावर संशय घेऊ नका. आणि उलट बाजूही आहे. टंगस्टन नावाच्या धातूची घनता १९.२५, म्हणजे जवळजवळ सोन्याएवढी. ते आत घालून फसवलं तर पाणी ते पकडू शकत नाही. घनता बरोबर आली म्हणजे सोनं असू शकतं. ती फार कमी आली आणि डाग भरीव असेल, तर ते सोनं नाही, हे मात्र पक्कं.

शेवटची खात्री हॉलमार्कची. नव्या डागावर तीन खुणा बघा: बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असायलाच हवा. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो घातला की डागाची माहिती दिसते. जुना डाग असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रावर फी भरून तपासून घेता येतो. आणि बिल जपून ठेवा, शक्य असेल तर गटाच्या फाइलमध्ये त्याची झेरॉक्स ठेवा.

दारावर पॉलिशवाले येतात त्यांच्याबद्दल एक शब्द. ते डाग द्रावणात बुडवतात आणि त्यात सोनं उतरतं. अशा वेळी घनता काहीच सांगणार नाही, कारण उरलेलं सोनं सोनंच असतं. तिथे वजनच बोलतं. पण सगळ्यांत चांगलं म्हणजे डाग त्यांच्या हातात द्यायचाच नाही.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला एवढं करू. एकीनं मापाचा जग आणायचा, एकीनं काटा, एकीनं वाटीभर बी. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढायची. बी साध्या पाण्यात टाकायचं, मग मिठाच्या पाण्यात, आणि प्रत्येक वेळी किती वर राहिलं ते मोजून वहीत लिहायचं. ज्यांच्या मुली सातवी-आठवीत आहेत त्यांनी मुलींना सोबत आणा. भागाकार त्यांना करू द्या. पुस्तकातली घनता आईच्या राबात कामाला येते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की त्या ती विसरणार नाहीत.

तुमच्या गटानं काढलेले आकडे ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या. आवणीच्या आधी आपण ते एकमेकींना सांगू. पाऊस वेळेवर येवो, राब चांगला उगवो.